वरमाय, चर्च आणि वाट बघणारं डुक्कर

रविवार, ४ फेब्रुवारी २००७, ईलिंग, लंडन

आज पोह्यांवर लिंबू पिळता पिळता पुष्करने सांगून टाकलं की त्याला मारिसेलशी लग्न करायचंय. मारिसेल म्हणजे ती फिलिपिनो नर्स, जी मागच्या रविवारी 'फ्रेंड' म्हणून जेवायला आली होती आणि तिसरी पोळी वाढताना नको म्हणाली नाही. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. जन्मभर पुण्यात मुलींच्या शाळेत इतिहास शिकवला, पानिपत का झालं ते झोपेत सांगेन, पण इथे ज्याच्या घरी राहते त्या स्वतःच्या पोराचं काय शिजतंय ते कळलं नाही. कप्पाळ माझं.

"तिच्या घरचे काय म्हणतात?" मी विचारलं.

"फक्त बाबा आहेत, आई. आई लहानपणीच गेली तिची. ते बोहोलला असतात."

"कुठे?"

"बोहोल. फिलिपिन्समधला एक प्रॉव्हिन्स आहे. बेटच आहे. खूप जुनी चर्चेस आहेत तिथे."

चर्चेस. आमच्या साती पिढ्यांत कुणी चर्चची पायरी चढलेलं नाही, आणि हा सांगतोय जशी काही ती हुंड्यात मिळणार आहेत.

खरं सांगायचं तर पोरगी वाईट नाही. हसरी आहे, भांडी न सांगता घासते, आणि पुष्करसारख्या घुम्याला बोलतं करते. माझी हरकत आहे, पण ती मांडायला गेले तर माझं मलाच हसू येईल अशी आहे. तेव्हा हरकत बाजूला. पण रीत ती रीत. मी पुष्करला स्वच्छ सांगितलं, मुलीकडच्यांनी शब्द टाकायचा असतो. येता येत नसेल तर फोनवर टाकू दे. मी आपण होऊन तोंड उघडणार नाही.

हे इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. हे गेल्यापासून कुठल्याही कार्यात मला कुणी पुढे बोलावलेलं नाही. हळदीकुंकवाच्या दिवशी तर मी स्वयंपाकघरात उसळ ढवळत असते. आता एकुलत्या एका मुलाचं लग्न आहे. वरमाय मी आहे. कुणीतरी येऊन मला विचारलंच पाहिजे. एवढा मान मी सोडणार नाही, मग ते बोहोल असो नाहीतर भोर.


गुरुवार, ८ फेब्रुवारी

बर्फ पडला. चार बोटं बर्फ आणि सगळं लंडन गारद. म्हणे यांनी आमच्यावर दीडशे वर्षं राज्य केलं.

पुण्याहून वीणाचा, माझ्या धाकट्या जावेचा फोन. बातमी तिला आधीच कळली होती. "वहिनी, ख्रिश्चन का असेना, आजकाल चालतं हो सगळं," असं मला मोठ्या मनाने सांगून झालं. मग म्हणाली, "देवक आम्ही दोघं बसवू. तुम्ही कसलीच काळजी करू नका. तुम्हाला पहिल्या रांगेत छान खुर्ची ठेवू."

खुर्ची! पोरगा माझा, आणि देवकाला बसणार वीणा आणि शशिधरभावजी. जोडपंच लागतं म्हणे. मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?


रविवार, ११ फेब्रुवारी

आज स्काइपवर मुलीच्या वडिलांचं दर्शन झालं. क्रिसान्तो नाव. रिटायर्ड शाळामास्तर, म्हणजे आमच्याच जातीचे. लोबोक नावाच्या गावात राहतात. इंटरनेट कॅफेत बसले होते आणि मागे कोंबडा आरवत होता, तोसुद्धा संध्याकाळी. मी जांभळी नारायणपेठ नेसून, पाठ ताठ करून बसले होते. म्हटलं, आता शब्द टाकतील.

शब्द टाकला, पण चर्चबद्दल! गावातलं जुनं चर्च ते येणाऱ्याजाणाऱ्याला फुकटात दाखवतात. कॅमेऱ्यासमोर एकेक फोटो धरून मलाही दाखवलं. चर्च समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडाचं. छताला चित्रं. घंटेचा मनोरा चर्चला चिकटून नाही, वेगळं बिऱ्हाड केलेल्या थोरल्या मुलासारखा फटकून उभा. आणि सगळ्यांत भारी म्हणजे पूल! सरकारने नदीवर पूल बांधायला घेतला, तो असा की पुरा झाला असता तर थेट चर्चच्या डोक्यात शिरला असता. लोकांनी बोंब मारली, काम थांबलं. अर्धा पूल अजून तसाच हवेत उभा आहे. हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्या महापालिकेचे इंजिनिअर तिकडेही गेले होते की काय!

शेवटी, 'मॅडम'चं 'माम' करत, म्हणाले, "माम सुलक्षणा, तुम्ही आमचं चर्च बघायला कधी येणार?"

"बघू," मी म्हटलं.

तासभर बोलले, लग्नाचं एक अक्षर नाही. फोन ठेवल्यावर मी पुष्करला म्हटलं, "हा माणूस मला बाटवायच्या बेतात आहे." तो म्हणाला, "आई, तुला बाटवायला व्हॅटिकनहून टीम लागेल." शिंचा.


शुक्रवार, १६ फेब्रुवारी

ईलिंगच्या लायब्ररीत जाऊन बोहोलची माहिती काढली. शत्रूचा मुलूख आधी माहीत हवा. १५६५ साली लेगास्पी नावाचा स्पॅनिश सरदार तिथे उतरला. तिथल्या सिकातुना नावाच्या सरदाराने आणि त्याने हातावर चिरा मारल्या, दोघांचं रक्त पेल्यात घेतलं, आणि एकमेकांचं प्यायले. जन्माची दोस्ती! त्यानंतर तीनशे वर्षं स्पॅनिशांचं राज्य. मैत्रीचा पेला कुणी पुढे केला तर आधी वास घ्यावा, हे आम्ही सातवीच्या मुलींना सांगायला हवं होतं.

जवळच्या दाउईस नावाच्या गावात चर्चमध्ये वेदीच्या पायथ्याशी गोड्या पाण्याची विहीर आहे म्हणे. म्हणजे देवासमोर आड. हे मात्र मला पटलं. देवळाला विहीर हवीच.

फक्त माहितीसाठी वाचते आहे. दुसरं काही नाही.


रविवार, १८ फेब्रुवारी

आज अंड्यांचा विषय निघाला.

क्रिसान्तोमास्तरांनी सांगितलं की बोहोलमधल्याच बाक्लायोन गावचं चर्च बांधताना चुन्यात अंड्यातलं पांढरं मिसळलं होतं. गावोगावच्या लोकांनी लाखांनी अंडी आणून दिली, असं जुने लोक म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे चुन्यात गूळ घालत, बेलफळ घालत, उडदाचं पाणी घालत. मास्तर इतके खूश झाले की कॅफेतल्या पोऱ्याकडून पेन मागून त्यांनी ते हातावर लिहून घेतलं.

"आणि पिवळं? त्या लाखो अंड्यांतल्या पिवळ्याचं काय झालं?" मी विचारलं. मास्तरकी जात नाही.

"केक झाले, पुडिंगं झाली," मास्तर म्हणाले, "आणि पाद्र्यांची पोटं झाली."

आम्ही दोघं खो खो हसलो. मग मला आठवलं की मी वरमाय आहे, तेव्हा हसणं आवरतं घेतलं. पण एक शंका होती ती विचारून घेतली. मी अंडं खात नाही. अशा बाईने त्या चर्चमध्ये जावं का? भिंतीला टेकलं तर चालतं का? मास्तरांनी थट्टा केली नाही. डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "तुम्ही मधोमध उभ्या राहा, माम. भिंतींना हात लावू नका."

मग पुन्हा त्यांची गाडी सुरू झाली. घराला रंग दिलाय, हिरवा. वेताच्या नव्या खुर्च्या आणल्यात. आणि डुक्कर फार छान भरलंय, नाताळपासून वाट बघतंय. तुम्ही कधी येणार?

माझी आणि डुकराची कसली ओळख? मी म्हटलं, मी व्हेजिटेरियन आहे. पलीकडे कोंबडा आरवला. मग मास्तर हळूच म्हणाले, "हरकत नाही. बाकीचे खातील."

माणूस रसाळ आहे, पण गाडी काही रुळावर येत नाही. मुलीचा बाप असून डुकराच्या गोष्टी करतो. बहुधा घरात पाहुणे ठेवायचा धंदा करायचा असेल.


रविवार, २५ फेब्रुवारी

आज मी तयारीनिशी बसले. दर वेळी आपणच का ऐकून घ्यायचं? त्यांना वसईच्या किल्ल्यातल्या पोर्तुगीज चर्चेसचे फोटो दाखवले. छप्पर उडालेलं, वेदीच्या जागी पिंपळ. सांगितलं की चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा आमच्या लोकांनी चर्चच्या घंटा उचलून आणल्या आणि देवळांत टांगल्या. वाईजवळ मेणवलीला अजून एक वाजते.

"आमच्या घंटा वाजवल्यावर तुमचे देव येतात?" मास्तरांनी विचारलं.

"आमचे देव कुणाच्याही घंटेला ओ देतात. खायला मिळाल्याशी मतलब."

मास्तर हसता हसता खुर्चीवरून पडायचे बाकी होते. आपले ते 'हे' असेच हसायचे, आवाज न करता, नुसते खांदे हलवत.

लग्नाबद्दल आजही चकार शब्द नाही. घड्याळात बघितलं तर दोन तास झाले होते. उशीर झाला म्हणून वरण करपलं.


रविवार, ११ मार्च

मास्तर आज गप्प गप्प. मीच अर्ध्या पुलाचा विषय काढला, तर त्यावरही फारसे खुलले नाहीत. मग एकदम म्हणाले, "माम, तुम्ही येत नाही याला काही कारण आहे का?"

मी म्हटलं, व्हिसा असतो, गुडघे असतात.

"समजलं मला," ते म्हणाले. दोनदा म्हणाले.

समजूतदार माणूस आहे. पण मनात म्हटलं, बाबा रे, इतकं सगळं समजतं तर एक वाक्य बोल ना! 'आमची मुलगी पदरात घ्या.' एवढंच. मी नाही थोडीच म्हणणार आहे?

हे लिहून गेले खरं. असू दे.


रविवार, १८ मार्च

मास्तर आलेच नाहीत. अकरा वाजेपर्यंत स्क्रीनसमोर साडी नेसून बसले. पुष्कर म्हणाला, "लाईट गेली असेल तिथे." पण माझ्याकडे न बघता म्हणाला.


सोमवार, १९ मार्च. पाडवा

पडद्याच्या दांडीला माझी पैठणी बांधून खिडकीत गुढी उभी केली. शेजारची गोरी म्हातारी विचारायला आली, सगळं ठीक आहे ना, तुमची साडी बाहेर पडते आहे. तिला श्रीखंड दिलं.

मारिसेल आली, डोळे सुजलेले. श्रीखंड नुसतं चमच्याने फिरवत बसली. मग म्हणाली, "आंटी, मी बहुतेक परत जाईन. बोहोलच्या हॉस्पिटलमध्ये जॉब आहे. बाबा म्हणतात, ये निघून." पुष्कर उठून बाल्कनीत गेला. जेवला नाही. सणावारी पोरगं उपाशी!

संताप संताप झाला. एवढ्या गप्पा मारल्या, एवढे हसलो, आणि हा माणूस मुलीसाठी एक शब्द टाकायच्या ऐवजी तिलाच परत बोलावतोय. इतका ताठा? मला वाटलं होतं, आमची मैत्री झाली आहे. आता लेगास्पीचा पेला आठवला.

मलाही रडू आलं. ते का, ते नीट सांगता येत नाही.


शनिवार, २४ मार्च

आज जे झालं ते लिहिताना माझं मलाच हसू येतंय.

सकाळी ग्लासगोहून फोन. फेलिसा. मास्तरांची थोरली बहीण, तिथल्या हॉस्पिटलात नर्स आहे, लग्न केलं नाही. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "मॅडम, तुम्हाला एवढा गर्व कशाचा आहे?"

"गर्व? मला?" मी म्हटलं. "तुमच्या भावाने तोंड उघडलं नाही!"

"त्याने कशाला उघडायचं? आमच्यात मुलाची आई मुलीच्या घरी जाते. जेवण घेऊन जाते. बसते आणि विचारते, तुमची मुलगी आम्हाला द्याल का. त्यानंतर लग्न. माझ्या भावाने सगळ्या गावाला सांगितलं, इंडियाहून टीचर येणार आहे. घर रंगवलं. खुर्च्या घेतल्या. तुमच्यासाठी डुक्कर पोसलं. दर रविवारी तो तुम्हाला विचारतो, कधी येणार? आणि तुम्ही म्हणता गुडघे! आता रविवारी चर्चमध्ये मासला, प्रार्थनेला गेला की लोक विचारतात, मास्तर, घर कुणासाठी रंगवलं?"

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

म्हणजे तो तिकडे माझी वाट बघत होता आणि मी इकडे त्याची. दोघंही आपापल्या खुर्चीत ताठ! डुक्कर मात्र बिचारं सगळ्यांची वाट बघत फुगत चाललेलं.

"मला माहीत नव्हतं हो," मी म्हटलं. "आमच्यात उलटं असतं. पुष्करला तरी—"

"मुलांना काय कळतं! माझ्या भाचीला वाटलं, तुम्हाला ती पसंत नाही. तुमच्या मुलाला वाटलं, माझ्या भावाला हे लग्न नको आहे."

मी म्हटलं, ठीक आहे, माझे दीर आणि जाऊ पुण्याहून जातील, जोडप्याने. विचारायचं काम त्यांनी केलेलं बरं. मी विधवा आहे.

"म्हणजे काय?" फेलिसाने विचारलं.

"म्हणजे माझा नवरा वारला आहे."

"मॅडम, विडो म्हणजे काय ते मला येतं. माझ्या भावाचीही बायको वारली आहे. मग काय झालं? तो तुमच्या दिराची वाट बघत नाहीये."

फोन ठेवला. गार चहा तसाच पिऊन टाकला. मग पुष्करला आणि मारिसेलला समोर बसवून असं झापलं, असं झापलं, की ज्याचं नाव ते. दोघंही इतकी खूश होती की माझं कुणी ऐकतच नव्हतं.


रविवार, १ एप्रिल

तोडगा निघाला. फेलिसा थोरली, तेव्हा तिचं घर ते मास्तरांचंच घर. ग्लासगोला जायचं, मास्तर स्क्रीनवर बसतील. लोबोकला लग्नाला डिसेंबरात. डुकराला तोवर मुदतवाढ मिळाली आहे.

खण, नारळ, तांदूळ बॅगेत भरले. विचारून झालं की मुलीची ओटी भरायची, हे आमच्या बाजूचं. पण भरायला सवाष्ण हवी. पुष्करच्या ओळखीने ग्लासगोतल्या एका मराठी डॉक्टरची बायको, सीमा, यायला तयार झाली आहे. बरं झालं.


शनिवार, १४ एप्रिल, ग्लासगो

फेलिसाच्या घरून लिहिते आहे. ट्रेनमध्ये पुरणपोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन स्कॉटलंडपर्यंत आले. समोरच्या माणसाने कॉफी सांडली, पण डबा वाचला.

फेलिसाचा फ्लॅट एवढासा. टीव्हीशेजारी बाळ येशू, लाल झगा, मुकुट, भोवती लुकलुकणारे दिवे. आमच्या गल्लीतल्या गणपतीला अशीच रोषणाई असते. मी हात जोडले. जिथे जेवायचं तिथल्या देवाशी वाकडं घेऊ नये.

स्क्रीनवर मास्तर, पांढरा भरतकामाचा पारदर्शक शर्ट घालून. मागे निम्मं गाव कॅफेत कोंबलेलं. कोंबडाही होताच. ट्रेनमध्ये तीन वाक्यं पाठ केली होती, ती साफ विसरले. शेवटी म्हटलं, "मास्तर, मला उशीर झाला. तुमची मुलगी मला द्याल का? मी तिला नीट सांभाळेन. आणि तुमचं चर्च बघायला येईन."

मास्तरांनी तोंड उघडलं आणि चित्र गोठलं! तोंड उघडं, डोळे मिटलेले, आणि आवाज बंद. पुष्करचा चेहरा बघवेना. फेलिसा राउटरला तिच्या भाषेत जे काही बोलली, ते बाळ येशूसमोर बोलण्यासारखं नसावं. मग आवाज आला, "...येस, माम. येस. केव्हाचंच येस."

सगळे ओरडले. ग्लासगोतले आणि लोबोकमधले.

मग ओटीची वेळ, आणि सीमाचा फोन. ताप आलाय, येता येणार नाही, सॉरी हं काकू. आता? मारिसेल मधोमध उभी, खांद्यावरचा स्कार्फ पसरून. पुष्करने तिला शिकवून ठेवलं होतं. मी खण-नारळ हातात घेऊन नुसती उभी. फेलिसा चालणार नाही, तिचं लग्नच नाही झालेलं. मी म्हटलं, राहू दे, पुण्याला वीणा भरेल.

"काय झालं?" मास्तरांनी स्क्रीनवरून विचारलं. "कशाची वाट बघताय?"

पुष्करने त्यांना समजावलं. नवरा हयात असलेली बाई लागते, ती येणार होती, ती आली नाही.

मास्तरांना काही कळेना. त्यांनी पुष्करचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण माम आली आहे ना?"

पुष्कर माझ्याकडे बघायला लागला. मारिसेलने स्कार्फ आणखी थोडा पुढे केला.

मी ओटी भरली. माझ्या हातांनी. नारळ, खण, पाच ओंजळी तांदूळ. ओंजळी इतक्या भरून घेतल्या की निम्मे तांदूळ कार्पेटवर सांडले. मारिसेलला कुंकू लावलं. हे गेल्यापासून मी कुंकवाच्या डबीला हात लावला नव्हता. पोरगी एकदम गळ्यात पडली आणि मी चारचौघांत भोकाड पसरलं. वरमाय कुठली, शाळेतून हरवलेलं पोर दिसत असेन. लोबोककर टाळ्या वाजवत होते. फेलिसा व्हॅक्यूम क्लीनर आणायला गेली.


रविवार, १५ एप्रिल

सकाळी वीणाचा फोन आला. अख्ख्या पुण्याला कळायच्या आत तिला कळायला हवं होतं.

"झालं ना सगळं नीट? ओटी कुणी भरली, वहिनी?"

"मुलाच्या आईने."

पलीकडे तिचा मिक्सर चालू होता, तो तिने बंद केला. मग म्हणाली, "अहो पण, तसं कसं... म्हणजे देवकाचं तरी—"

"देवकाचं मी बघेन," मी म्हटलं. "पण डिसेंबरात लोबोकला लग्न आहे, तुम्ही दोघं नक्की या. कसलीच काळजी करू नकोस. तुला पहिल्या रांगेत छान खुर्ची ठेवते."